कॉलेजच्या ॲथलेटिक्स संघाचे पहिले सहा आठवडे, आणि कोचची संध्याकाळ

मॅडम, तुमचे प्रश्न दोन असले तरी उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून एकत्रच लिहितो. तालुक्याच्या कॉलेजात जुलैत रुजू झालात, बावीस मुलामुलींनी नावं दिलीत, मैदान मातीचं, ऑक्टोबरात झोनल म्हणजे विभागीय स्पर्धा. रात्री बारा-एकपर्यंत फोनवर शर्यती बघणं होतं आणि सकाळी सहाला मैदानावर डोळे चुरचुरतात. मग सीझनची सुरुवात कशी आखायची आणि विरंगुळा म्हणून बघायचं तरी काय, असं तुम्ही विचारलंय.

या काळात कोचचं मुख्य काम मुलांना आवरून धरण्याचं असतं. बारावी आणि सीईटीच्या नादात वर्षभर न धावलेली मुलं पहिल्याच दिवशी शंभर मीटर जीव तोडून पळायला तयार असतात. तसं पळू दिलंत की मांडीचा मागचा स्नायू धरतो आणि तीन-चार आठवडे हातचे जातात. त्यामुळे पहिल्या दिवशी वेगाच्या धावेला घड्याळ लावू नका. उभ्याने लांब उडी मोजा, बारा मिनिटांत कोण किती अंतर जातो ते बघा, दुखापतींचा इतिहास वहीत लिहून घ्या. तेवढं पुरे.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चारच दिवस. गवत असेल तिथे १०० मीटरचे आठ ते दहा टप्पे, पूर्ण वेगाच्या ६५-७० टक्क्यांनी, आणि परत येताना चालत. सोबत स्किपिंगचे प्रकार, बैठका, प्लँक. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या मुलांना २० मिनिटं सलग, पण शेजारच्याशी बोलता येईल अशा वेगाने. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चढ घ्या. गावाजवळ टेकडी असेलच. बेताचा चढ, ६० मीटर, सहा वेळा. चढावर वेग आपोआप मर्यादित राहतो आणि गुडघा वर उचलावाच लागतो, म्हणून वेगाच्या कामाची ही सगळ्यात सुरक्षित सुरुवात आहे. त्यानंतर सपाटीवर ३० मीटर, चार ते सहा वेळा, आणि दर १० मीटरला एक मिनिट या हिशेबाने मध्ये तीन मिनिटं विश्रांती. मुलांना ही विश्रांती फुकट वाटते आणि दीड मिनिटात ती पुन्हा रेषेवर उभी राहतात. तिथे ठाम राहा. दम न भरता मारलेला सहावा टप्पा वेगाचा उरत नाही, नुसता थकव्याचा होतो. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, पाचव्या आठवड्यापासून, तेही आठवड्यातून एकदाच. उड्या मारून घ्यायच्या असतील तर पाय जमिनीला किती वेळा टेकला ते मोजा. सुरुवातीला एका सत्रात ४० ते ६०, आठवड्यातून दोनदा. पाऊस आहे म्हणून हे काम बास्केटबॉलच्या सिमेंट कोर्टवर नेऊ नका. तिथे चालण्याच्या ड्रिल करा, रिलेत बॅटन (दांडी) देण्याघेण्याचे हात बसवा, उड्या मात्र नकोत.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तुमच्याकडे नक्की येतील. चिकाटी त्यांच्यात असते, पण सवय रोज १६०० मीटर पूर्ण जोर लावून पळायची असते. महिनाभर वेळ सुधारते, मग अडकते, मग नडगी दुखायला लागते. त्यांना आठवड्यातून एकदाच घड्याळ लावा. बाकीच्या दिवशी एक दिवस ४०० मीटरचे चार ते पाच टप्पे, दोन दिवस संथ धाव.

नडगी दुखते म्हणून कोणी आलं तर नुसतं बर्फ लावून परत पाठवू नका. अंगठ्याने हाडाच्या आतल्या कडेवरून खालपासून वर दाबत जा. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुतेक वेळा तो वाढलेल्या भाराचा परिणाम असतो. धावणं निम्म्यावर आणा, बूट तपासा, दोन आठवड्यांत उतार पडायला हवा. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर त्या दिवसापासून धावणं बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ. हाडाची बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा पळवायला घेऊ नका. मुलींच्या बाबतीत पाळी नियमित येते का हे विचारा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. सराव वाढवून ती वेळ सुधारणार नाही.

आता मैदान. ४०० मीटरचा ट्रॅक बसत नसेल तर २०० चा आखा. दोन्ही बाजूंना ४० मीटरच्या सरळ रेषा घेतल्या की वळणांना १२० मीटर उरतात. त्याची त्रिज्या १९.१० मीटर येते, पण धावणारा आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवरून धावतो असं धरतात, म्हणून फक्की मारायची १८.९० मीटरवर. खुंटीला नायलॉनची दोरी बांधू नका, ती ताणली जाते. दोरी १० सेंटिमीटर सैल झाली तर एका फेरीत ६३ सेंटिमीटरचा फरक पडतो. बारीक तार किंवा सरळ टेप वापरा. सहा लेनला साधारण ९३ मीटर लांब आणि ५३ मीटर रुंद जागा लागते, बाहेर मोकळी जागा सोडायची ती वेगळी.

स्टॅगरमध्ये, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात जितकी पुढे सरकवतात त्या अंतरात, हमखास चूक होते. पुस्तकात दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर दिलेले असतात. ते उंच कडा असलेल्या ट्रॅकचे आहेत, कारण तिथे पहिली लेन कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात. तुमच्या मैदानावर कडा नाही, नुसती फक्कीची रेघ आहे. त्यामुळे १.२२ मीटरच्या लेनला एका फेरीमागे प्रत्येक लेनसाठी ७.६७ मीटर सोडायचे. ट्रॅक २०० चा असो वा ४०० चा, हा आकडा बदलत नाही, कारण तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो. ७.०४ ठेवलंत तर दुसऱ्या लेनपासून पुढच्या सगळ्यांना पहिल्या लेनपेक्षा ६३ सेंटिमीटर जास्त पळावं लागेल.

घड्याळाचंही तसंच. शिट्टी वाजवून सुरुवात केली आणि शंभर मीटरवर उभ्या असलेल्याने आवाज ऐकून घड्याळ दाबलं, तर आवाजाला तिथवर पोचायला ०.२९ सेकंद लागतात. तेवढी वेळ मुलाला फुकट मिळते. सुरुवात करणाऱ्याच्या हातात झेंडा द्या आणि झेंडा हलला की घड्याळ सुरू करा. हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर न्यायची असते, ११.८१ आले तर ११.९ लिहायचे. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना १०० आणि २०० ला आणखी ०.२४ मिळवा. म्हणजे शिट्टीवर ११.६ पळणारा मुलगा खरं तर १२.१ च्या पुढचा असतो. हे ऑगस्टमध्येच कळलं तर झोनलला मुलगा हिरमुसत नाही.

आपल्याकडे या काळात सणही येतात. ढोल पथकात असलेली मुलं संध्याकाळी दोन-तीन तास जड ढोल कमरेला बांधून उभी असतात, हा भार सरावाच्या हिशेबात धराच. पथक सोडायला सांगू नका. त्यांच्या वादनाचे दिवस विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त तंत्राचं काम ठेवा. नवरात्राचे नऊ दिवस उपास करणाऱ्यांना नुसत्या साबुदाण्यावर ठेवू नका. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा पोटात जायला हवा, आणि त्या नऊ दिवसांत जोराचं सत्र नको.

आता तुमच्या संध्याकाळी. कोचचं खरं साधन त्याचे डोळे आणि कान असतात. हे करून बघा: मुलं ओळीने धावताना त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि नुसती पावलं ऐका. नीट धावणाऱ्याचा आवाज एकसारखा येतो. ज्याचा एक पाय पाण्यावर थाप मारावी तसा आपटतो, त्याचा घोटा, पोटरी किंवा बूट कुरकुरतोय. दुखणं जाणवायच्या बरंच आधी हे ऐकू येऊ शकतं, पण चार तास झोपलेल्या माणसाला नाही.

डायमंड लीगच्या, म्हणजे जगातल्या अव्वल ॲथलीटांच्या स्पर्धामालिकेच्या, बऱ्याच सभा युरोपात रात्री आठ ते दहा चालतात, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा ते दीड. साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर हा त्यांचा हंगाम, आणि नेमकी त्याच्या उत्तरार्धात तुमची सुरुवात येते. थेट बघण्याचा मोह सोडा. रविवारी दुपारी पाऊण तास, हातात वही घेऊन, एकच शर्यत आणि एकच प्रश्न. अविनाश साबळेची २०२४ ची पॅरिस डायमंड लीगची शर्यत घ्या (ऑलिंपिकची नव्हे): ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत धावायची शर्यत, ८:०९.९१, म्हणजे किलोमीटरला सरासरी २:४३. तुमचा मुलगा १००० मीटर एकदाच किती वेळात पळतो ते शेजारी लिहा. मग फक्त पाण्याच्या सात उड्या बघा, पाय कुठे पडतो आणि पुढचं पाऊल किती लवकर येतं. पावसाने मैदान बंद असेल त्या दिवशी हेच वर्गात मुलांबरोबर करा. बोल्टच्या २००९ च्या ९.५८ मध्ये ४१ पावलं आहेत. स्वतःच्या शंभर मीटरची पावलं मोजायला सांगितली तर बहुतेकांची पन्नासच्या आसपास भरतील, आणि लांब टांगेची चर्चा आपोआप सुरू होईल.

पण हे बघणं कामातच मोजा. ज्यात तुम्ही नकळत टप्पे मोजायला लागता तो विरंगुळा नव्हे. थकलेल्या कोचला क्रीडापटांनीही आराम मिळत नाही, कारण त्यातल्या सरावाच्या दृश्यांत चुका शोधण्यात डोकं गुंतून राहतं. त्यापेक्षा नाटक बघा. तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दौऱ्याचा प्रयोग लागला की तिकीट काढा. अडीच तास फोन बंद राहतो, अंधारात बसायला मिळतं, आणि रंगमंचावर काय होणार हे तुमच्या हातात नसतं. कबड्डी आवडत असेल तर लीगचे सामने चालू असतील तेव्हा जरूर बघा. बहुधा संध्याकाळीच असतात, चढाई तीस सेकंदांची, आणि त्यातून उद्याच्या सरावासाठी काही काढायचं नसतं. दिवाळी अंक येतील तेव्हा झोनल उरकलेली असेल, तोवर रात्री कागदावर छापलेलं काहीही वाचा. फक्त पडदा साडेनऊनंतर नको. रविवारचा किल्लाही जपूनच. आठवडाभर उभं राहिलेल्या पायांना सहा तासांची चढाई विश्रांती देत नाही. महिन्यातून एक रविवार ठीक.

झोनलच्या आदल्या रात्री शर्यत किंवा तिचं पुनर्प्रक्षेपण बघू नका. संध्याकाळी सातपर्यंत पिशवी भरा: दोन बॅटन, टेप, पट्ट्या, स्पाइक्सचे जादा खिळे आणि चावी, ओळखपत्रं आणि पात्रता अर्जांच्या प्रती, नंबर लावायला माणशी चार म्हणजे बावीस जणांच्या ८८ सेफ्टी पिना आणि वर दोन डझन, कारण निम्म्या मुलांच्या हरवतातच. मग जेवण, एखादी आवडती जुनी मालिका अर्धा तास, आणि दहाला झोप.