बारा उतरले, आठ परतले

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. वजन ९४ किलोवरून ८२ आणि आता पुन्हा ९०. शेवटी लिहिलंयस, "मावशी, माझ्यात कंट्रोलच नाही." हे वाक्य आधी खोडून टाक. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांपैकी निम्मे तरी हेच ऐकवतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नसतं. चार महिने रात्रीच्या जेवणाला काकडी खाऊन झोपणाऱ्या पोराला कंट्रोल नाही असं कोण म्हणेल? मला तर तो जरा जास्तच वाटला.

झालं काय, ते समजून घे. मेलबर्नमध्ये ५० जाड्या लोकांना दहा आठवडे अगदी कमी खायला दिलं. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं, म्हणजे जवळपास तुझ्याएवढंच. वर्षभरानंतर त्यांचं रक्त तपासलं तर भूक वाढवणारी हार्मोन्स अजून चढलेली आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरलेलीच होती. हे २०११ साली छापून आलं. त्यानंतर झालेल्या एका हिशेबानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला साधारण १०० कॅलरींनी वाढते आणि शरीराचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. तुझ्या बारा किलोंचा गुणाकार तूच कर. इंजिनीअर आहेस. ऑफिसात चार वाजता जी भूक लागायची, ती तुझ्या मनाची कमजोरी नव्हती, खरीखुरी भूक होती.

म्हणून उतरवायचं कसं ते मी तुला शिकवणार नाही, ते तुला येतं. तू पाठवलेल्या वजनांवर मी तारखा टाकून पाहिल्या, आणि जे दिसलं ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. संक्रांतीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तुझं वजन जागचं हललेलं नाही. एवढे तिळगुळाचे लाडू खाऊनही. मग एप्रिलअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पाच किलो. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तीन. उरलेलं वर्ष जवळजवळ सपाट. तू वर्षभर बिघडलेला नाहीस रे, चौदा-पंधरा आठवडेच बिघडलास. अमेरिकेतही २००० साली असंच काहीसं दिसलं होतं. तिथल्या सणासुदीच्या सहा आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी अर्ध्या किलोहूनही कमी वाढलं, पण ते नंतर उतरलं नाही, तसंच साचत गेलं. आपल्याकडे तर सण आणि उन्हाळा दोन्ही अंगावर येतात.

नागपूरचा मे महिना काय असतो ते तुला सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश होतं. त्या महिन्यात संध्याकाळी सात वाजतासुद्धा अंबाझरीच्या पाळीवर भट्टीपुढे उभं राहिल्यासारखं होतं. तुझं सगळं चालणं संध्याकाळचं. ते बंद पडलं. घरात कूलर, कूलरपुढे तू, समोर कळमन्याच्या बाजारातून आणलेली बैगनपल्ली आंब्यांची पेटी, आणि त्यात चुलत बहिणीचं लग्न. पाच किलो यायला आणखी काय लागतं? आणि चूक तुझी असलीच तर एवढीच, की तुझं वेळापत्रक जानेवारीतल्या नागपूरसाठी केलेलं होतं.

तर आता मे महिन्यासाठी वेगळं वेळापत्रक कर, आणि ते आत्ताच कर. चालायचं तर पहाटे पाचला, नाहीतर नाहीच. ज्या दिवशी उठणं झालं नाही त्या दिवशी घरात, कूलरपुढे, वीस मिनिटं: उठबशा, भिंतीला हात टेकून दंड, पाच लिटरच्या पाण्याच्या दोन कॅन भरून उचलणं. हसू नकोस. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येते ती बहुतेक चरबीच. आपल्या हिंदुस्थानी अंगात मुळात स्नायू कमी आणि पोटावर चरबी जास्त, म्हणून तर आपल्यासाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाची) रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली आहे आणि पुरुषांच्या कमरेची ९० सेंटिमीटरवर. तुझी कंबर मोजलीस का कधी? बेंबीच्या पातळीवर टेप लाव, पोट आत न ओढता. मिहानला ऑफिसला बाइकने जाण्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस मेट्रोने खापरीपर्यंत जा. स्टेशनवर सरकता जिना असतो, त्याच्या बाजूला साधाही असतो.

आंबा बंद करायला मी सांगणार नाही. नागपुरात राहून मे महिन्यात आंबा बंद करणारा माणूस जून महिन्यात काय काय खातो ते मी पाहिलंय. रस एक वाटी, साखर न घालता, जेवणातच. आणि त्या दिवशी पोळ्या दोनच्या एक. पेटी संपेपर्यंत रोज दुपारी उभ्या उभ्या फ्रीजमधून जो "एकच" आंबा खाल्ला जातो, तो मात्र बंद. लग्नाला उपाशीपोटी जाऊ नकोस. घरून ताक पिऊन, मूठभर फुटाणे खाऊन निघ. बुफेत आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मार, काय काय आहे ते बघ, मग ताट घे. गोड एकच, तुला खरंच आवडतं ते. जिलेबी आवडत नसताना लोक जिलेबी का घेतात हे मला आजवर कळलेलं नाही.

आता घरातलं. तुझी आई माझी मैत्रीण, त्यामुळे हे जरा जपून लिहिते. तिचं पालुपद मला पाठ आहे, "माया पोट्टा काई खातच नाही!" खरंय तिचं, पोळ्या दोनच असतात. पण वांग्याच्या भाजीवर तेलाचा थर बोटभर असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेलं तेल-तूप माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर, तेही तूप धरून. तुमच्याकडे महिन्याला किती पिशव्या येतात ते मला ठाऊक आहे, आकडा लिहीत नाही. भाजीला किती तेल पडतं हे तू ठरवू शकत नाहीस. महिन्याच्या यादीत किती लिटर लिहायचं, ते ठरवता येतं. घरात आलं नाही तर कढईत पडणार नाही, आणि रोज आईशी वादही होणार नाही.

वरण घट्ट करायला सांग. आपल्याकडे वरण इतकं पातळ की भात त्यात पोहतो, आणि मग डाळ पोटात जाते ती दोन चमचे. तुझ्या वजनाच्या माणसाला, ते उतरवताना, दिवसाला ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. घट्ट वरणाची वाटी, दोन अंडी, वाटीभर दही, उसळ, एखाद दिवशी सोयाबीन वडी असं जोडत गेलं तर होतं. पावडरचा डबा घ्यायची गरज नाही. भाकरी-झुणका आठवड्यातून दोनदा कर. फक्त झुणक्याची फोडणी पुन्हा त्याच हिशेबात धर.

तर्री पोह्यांचं विचारलंयस. रोज सकाळी ऑफिसला जाताना ठेल्यावर, बरोबर? एक बघ. तर्रीचं भांडं उकळत असतं, तेव्हा लाल तेल वर तरंगतं आणि चणे खाली बसलेले असतात. भाऊ पळी वरून फिरवतो, कारण लाल रंग दिसला की गिऱ्हाईक खूश. त्याला म्हणायचं, "भाऊ, पळी खालून घाल, चना जास्त." तो एकदा तुझ्याकडे बघेल, मग रोज न सांगता घालील. वरून शेव नको. कांदा, सांबार हवा तेवढा घे. (पुण्याचा कोणी हे वाचत असेल तर सांबार म्हणजे कोथिंबीर.) हे आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस घरून खाऊन निघ. पण सोबतचा समोसा? मोठ्या समोशाच्या २५० कॅलरी धर. तुझ्या वजनाला तासभर चाललं तर तीनशेच्या आसपास खर्च होतात. चालून समोसे फेडायचा धंदा नुकसानीचा आहे, त्यात पडू नकोस.

मग चालायचं कशाला? टिकवायला. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवलेली आहे, ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवले. त्यातले बहुतेक रोज सुमारे तासभर हालचाल करतात, नाश्ता करतात, आणि चारातले तीन आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. मला त्यातली सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळी आहे: सोमवार ते रविवार आणि सणासुदीलाही ज्यांचं खाणं साधारण सारखं असतं, त्यांचं वजन जास्त टिकतं. पाच दिवस उकडलेलं आणि शनिवारी-रविवारी सावजी, हा तुझा नियम त्यात बसत नाही. सावजी महिन्यातून एकदा खा, पोटभर खा, भाकरीबरोबर खा, आणि तो "चीट डे" शब्द डोक्यातून काढ. आपल्याच गावचं जेवण चोरून कशाला जेवायचं?

झोपेचं दोन ओळींत. शिफ्ट संपून घरी येतोस, दोन वाजेपर्यंत मोबाइल. शिकागोमध्ये कमी झोपणाऱ्या ८० जणांची झोप तासाभराने वाढवली, दुसरं काहीही सांगितलं नाही, तरी ते दिवसाला सुमारे २७० कॅलरी कमी खाऊ लागले. एक समोसा गेला बघ, झोपेत.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं तू शेवटी, बिचकत विचारलंयस. बिचकायचं कारण नाही, ते औषध आहे. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन त्याच वर्षी जूनमध्ये. काम करतात. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलं आहे. म्हणजे घ्यायचं तर किती वर्षं, ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, आणि मे महिन्याचा प्रश्न तरीही सोडवायचाच. जिममधला कोणी आणून देतो म्हणाला तर तिथून निघ.

किती उतरवायचं? ८२ चं नाव काढू नकोस. ९० चे सात टक्के म्हणजे सहा किलो. ८४ वर आलास की थांब आणि सहा महिने तिथेच राहा. तुझ्या बाबांना शुगर आहे म्हणून हा आकडा महत्त्वाचा: अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात साखर सीमेवर असलेल्या लोकांनी सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढं लक्ष्य ठेवलं, तर सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. आणि आपल्याकडचं तर आणखी दिलासा देणारं आहे. चेन्नईच्या अभ्यासात, २००६ साली छापलेल्या, खाणं-चालणं सुधारलेल्यांचा धोका २८ टक्क्यांहून जास्त कमी झाला, आणि त्यांचं वजन फारसं उतरलेलंही नव्हतं. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडायचं नाही, ते यासाठी.

काट्यावर शुक्रवारी सकाळी उभा राहा, फक्त शुक्रवारी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसलं तर घाबरू नकोस, साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यात पंगतीतलं मीठ. चार दिवसांत निघून जातं. सलग दोन शुक्रवार दोन किलो वर दिसले, तर त्याच दिवशी मला कळव. आठ होईपर्यंत थांबायचं नाही, मागच्या वेळी तू तोंड लपवून बसलास तसं तर अजिबात नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ये. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉइडचा रिपोर्ट काढून आण, नसतील तर शनिवारी करून घे. येताना आईलाही घेऊन ये. तेलाचं तिच्याशी मीच बोलते, तू मध्ये पडू नकोस.

तुझी
मावशी