हार्वेस्टरचा चालक परप्रांतातला का?

प्रश्न : आमच्या आर्वी तालुक्यात सोयाबीन काढणीला आले की हार्वेस्टर पंजाबातून येतो, चालकही तिकडचाच असतो; गावातली मुले मात्र रिकामी. असे का?

उत्तर : कुशल हातांची उणीव भासून मजुरी चढते, तिथे घर-शेतीत न अडकलेला माणूस आधी पोचतो. अमेरिकेत नव्याने आलेले स्थलांतरित अधिक मजुरीच्या राज्यांकडे स्थानिकांपेक्षा जास्त वळतात, हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी 2001 साली दाखवले. पंजाबचा चालक पीक पिकेल तसा मुलूख बदलतो आणि त्याचा मदतनीस पट्टे बसवता-बसवता, कापणीची पाती बदलता-बदलता तयार होतो. ही संधीच न मिळालेल्या आपल्या मुलांना आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी एक हंगाम यंत्रावर मदतनीस म्हणून काढावा. ट्रॅक्टर-मळणीयंत्राच्या दुरुस्तीतही तोच सराव कामी येतो.