कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यात फेजसोबत (वीज आणणारी तार) न्यूट्रललाही (परतीची तार) फ्यूज आहे. हे तेव्हा नियमात बसत होतं का? नियम कधी बदलला, ते कसं शोधायचं?

लाकडी बोर्डावर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज शेजारी शेजारी, खाली सागवानी केसिंग-कॅपिंग, म्हणजे तारा झाकणारी लाकडी पट्टी. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठेतल्या वाड्यांत अशी वायरिंग मी भरपूर उतरवली आहे.

दोन फ्यूज घालणारा वायरमन अडाणी नव्हता. सुरुवातीच्या डीसी सप्लायमध्ये बऱ्याच ठिकाणी दोन्हीपैकी एकही तार अर्थ केलेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली, नसे. दोन्ही तारा सारख्याच धोक्याच्या, म्हणून दोन्हींवर फ्यूज. पुढे एसी आला, ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल अर्थ झाला, पण हाताची सवय तीच राहिली. आता न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पंखा थांबतो, माणूस म्हणतो लाईट गेली आणि होल्डरला हात घालतो. फेज मात्र तिथंच उभा असतो.

इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्स, 1956 मधला नियम 32 काढा. अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये सुटा फ्यूज किंवा सुटा स्विच नको. फेजबरोबर एकदमच तुटणारा लिंक्ड स्विच चालतो. चाचणीची लिंक वगैरे किरकोळ अपवाद आहेत. म्हणजे वायरिंग 1956 नंतरची असेल तर ती तेव्हाही नियमबाह्यच.

त्याआधीचं शोधायचं तर उलटं चाला. 2023 चे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम, त्याआधीचे 2010 चे, मग 1956 चे रूल्स, मग 1937 चे. प्रत्येकात तेच कलम शेजारी ठेवून वाचा. जुन्या छापील रूल्सच्या तळटीपांत दुरुस्तीचा जीएसआर क्रमांक (राजपत्रातल्या अधिसूचनेचा क्रमांक) आणि तारीख असते. त्यावरून राजपत्र सापडतं. अनुक्रमणिकेत ‘कटआउट’ बघा, नियमांत फ्यूजला तेच नाव आहे; फ्यूज म्हणून शोधलं तर हाती काही लागणार नाही.

आयएस 732 हा कायदा नव्हे, वायरिंगचा कोड. लोक दोन्हींची गल्लत करतात. त्याच्या 1963, 1989 आणि 2019 च्या प्रती मिळवा आणि आधी प्रस्तावना वाचा, काय बदललं ते कोड लिहिणारी मंडळी तिथंच सांगतात. मूळ धागा मात्र लंडनला जातो, तिथल्या अभियंत्यांनी 1882 मध्ये आगीच्या भीतीनं केलेल्या नियमांपर्यंत.

आपल्याकडची खरी गंमत पुढेच आहे. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. ब्रिटिश हिंदुस्थानचा 1910 चा वीज कायदा संस्थानात आपोआप लागू नव्हता. वाड्याची वायरिंग त्याआधीची असेल तर दिल्लीचं राजपत्र चाळून उपयोग नाही; इथल्या पुराभिलेखागारात संस्थानचे हुकूम बघावे लागतील. मोडी वाचणारा कुणी ओळखीचा असला तर सोबत घ्या.

आणि हे सगळं होईपर्यंत तो न्यूट्रलचा किटकॅट तसाच ठेवू नका. लायसन्सवाला वायरमन बोलवा. कुठला फेज, कुठला न्यूट्रल हे आधी तपासून घ्यायला सांगा, कारण जुन्या बोर्डांवर ते उलटे जोडलेले सापडतात.