नेम्ड पॅरामीटर: ‘नामांकित’ की ‘नावानिशी’?

प्रश्न असा आहे: एका प्रोग्रॅमिंग भाषेत नेम्ड पॅरामीटरची सोय, म्हणजे फंक्शनला (ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) लागणाऱ्या किमती त्यांच्या जागांची, म्हणजे पॅरामीटरांची, नावे घेऊन देण्याची सोय, नव्याने येते आहे आणि तिची माहिती मराठीत लिहायची आहे. ‘नामांकित प्राचल’ चालेल का?

‘प्राचल’ जरूर वापरा, गणितात तो रुळलेला आहे. ‘नामांकित’ मात्र टाळा. नामांकित वकील, नामांकित संस्था असे आपण म्हणतो, त्यामुळे वाचक ‘प्रसिद्ध’ हाच अर्थ घेईल. ‘नामधारी’ तर नकोच.

अर्थाच्या अंगानेही एक अडचण आहे. नाव प्रत्येक पॅरामीटरला असतेच. फंक्शन लिहिणारा ते ठेवतोच. या सोयीमुळे कॉल करणाऱ्यालाही, म्हणजे ते फंक्शन वापरणाऱ्यालाही, ते नाव घेऊन किंमत देता येते, एवढेच नवे. म्हणजे वर्णन करायचे ते देण्याच्या क्रियेचे. म्हणून मी क्रियाविशेषण सुचवेन: किंमत ‘नावानिशी’ देणे. जुनी पद्धत म्हणजे ‘क्रमाने’ देणे.

क्रम किती दगा देतो पाहा. सी भाषेतल्या मेमकॉपीला, म्हणजे मेमरीतला मजकूर नकलणाऱ्या फंक्शनला, आधी कुठे न्यायचे ते सांगावे लागते, मग कुठून; युनिक्सच्या सीपी या फाइल नकलण्याच्या आज्ञेत नेमके उलट. तेच ‘नक्कल(कुठून: अ, कुठे: ब)’ असे लिहिता आले, तर जागा बदलल्या तरी बिघडत नाही. मराठी वाक्यात हे काम विभक्तिप्रत्यय करतात. ‘पेटीतून पुस्तक कपाटात ठेव’ आणि ‘कपाटात पेटीतून पुस्तक ठेव’, दोन्हींचा अर्थ एकच.

स्विफ्ट भाषेत तर एकाच पॅरामीटरला दोन नावे देता येतात, कॉल करणाऱ्यासाठी बाहेरचे आणि फंक्शनच्या आत वापरायला वेगळे. बाहेर ‘मोज(पासून: ५, पर्यंत: ९)’, आत ‘आरंभ’ आणि ‘शेवट’. मला ही रचना फार आवडते, कारण आपली शब्दयोगी अव्यये तिच्यात चपखल बसतात.

ही सोय बाहेरचे नाव बांधून टाकते, हेही तुमच्या लेखात यायला हवे. पीएचपी या भाषेत ती २०२० साली, ८.० आवृत्तीत आली. तेव्हापासून लायब्ररीच्या (इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या) लेखकाने पॅरामीटरचे नाव बदलले, की ते नावानिशी वापरणाऱ्यांचा कोड मोडू शकतो. पायथन भाषेत नावानिशी देण्याची मुभा पूर्वीपासून होती. २०१९ च्या ३.८ आवृत्तीत फंक्शनच्या व्याख्येत तिरकी रेघ (/) घालून तिच्या आधीच्या पॅरामीटरांपुरती ही मुभा काढून घेण्याची सोय झाली. ताराचिन्हाने (*) याच्या उलट, नावानिशीच देण्याची सक्ती करता येते. या दोन प्रकारांना ‘फक्त क्रमाने’ आणि ‘फक्त नावानिशी’ म्हणा. वेगळी संज्ञा घडवावी लागणार नाही.