वाचकांचे प्रश्न : शब्दकोश, संगणक आणि गुप्त निरोप

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांनी शब्दकोशातील प्रत्येक शब्दाला अनुक्रमांक देऊन निरोपाचे आकड्यांत रूपांतर करणारी छोटी संगणक-प्रणाली बनवली आहे; पण अनेक शब्द तिला सापडतच नाहीत. असे का होते?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : यात मुलांची चूक नाही. शब्दकोशात 'बाजार' असतो, 'बाजारात' नसतो. 'घोडा' असतो, 'घोड्याला' नसतो. म्हणून विभक्तिप्रत्ययांना आणि शब्दयोगी अव्ययांना स्वतंत्र क्रमांक द्यावेत व 'घोड्याला' हा शब्द 'घोडा' आणि 'ला' अशा दोन आकड्यांनी पाठवावा. उलगडलेला निरोप थोडा ओबडधोबड वाटला तरी अर्थ कळतो. येळ्ळूर, हलगा यांसारखी गावांची नावे आणि आपल्या भागातल्या बोलण्यात रुळलेले अनेक कन्नड शब्द कोशात नसतील, त्यांच्यासाठी प्रत्येक अक्षराला व स्वरचिन्हाला क्रमांक राखून ठेवावा. नवा शब्द नेहमी यादीच्या शेवटीच जोडावा, कारण तो मध्ये घातला की पुढचे सारे क्रमांक सरकतात आणि दुसऱ्याकडची जुनी यादी निरुपयोगी ठरते. आणखी एक अडचण सहज लक्षात येत नाही : 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे शोधण्यापूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणणे आवश्यक आहे.

प्रश्न : आमचा तंबाखूचा व्यापार आहे. भाव आणि शिल्लक माल भागीदाराला अशा आकड्यांतून कळवला, तर तो गुप्त राहील का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : राहणार नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. यादी अकारविल्हे असेल, तर ४१२० म्हणजे 'बाजार' आणि ४३९० म्हणजे 'भाव' एवढे कुणी ओळखले, की त्यांच्या मधला प्रत्येक आकडा 'ब' किंवा 'भ' पासून सुरू होणारा शब्द आहे हे त्याला आपोआप समजते. क्रमांक विस्कटून वाटणे हा त्यावरचा जुना उपाय, आणि सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारातील गुप्तलिपितज्ज्ञ रोसिन्योल यांना त्याचे श्रेय दिले जाते. तरीही 'आहे', 'उद्या', 'भाव' हे शब्द रोजच्या निरोपांत पुन्हापुन्हा येतात, त्यांचे आकडेही तितक्याच वेळा येतात, आणि बाजाराची माहिती असलेल्या माणसाला एवढा धागा पुरतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बेनेडिक्ट अर्नोल्ड या अमेरिकन सेनापतीने बेली यांच्या इंग्रजी शब्दकोशाच्या आधारे ब्रिटिशांशी गुप्त पत्रव्यवहार केला होता. अशा पद्धतीत कोणता ग्रंथ वापरला आहे हे कळले, की सारीच पत्रे उघडी पडतात. पद्धत शत्रूला ठाऊक असली तरी केवळ किल्लीच्या, म्हणजे दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त आकड्यांच्या, बळावर गुप्तता टिकली पाहिजे, हे गुप्तलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते.

शब्दाच्या आकड्यात किल्लीचा आकडा हातचा न धरता मिळवला, तर संरक्षण पुष्कळ वाढते : ४१२० मध्ये ७३५९ मिळवल्यास १४७९ येतात, आणि वाचणाऱ्याने तसेच वजा केल्यास पुन्हा ४१२०. किल्ली खरोखर यादृच्छिक, निरोपाइतकी लांब आणि एकदाच वापरलेली असेल, तर असा निरोप फोडता येत नाही, हे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात सिद्ध केले. परंतु तेवढ्या किल्ल्या भागीदाराकडे आधी सुरक्षित पोहोचवणे रोजच्या व्यापारात जमण्यासारखे नाही. आपण दोन्ही टोकांना कूटबद्ध करणारे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांखेरीज कुणालाच निरोप वाचता येऊ न देणारे, संदेश-ॲप वापरावे. व्हॉट्सॲपमध्ये ही सोय २०१६ पासून आहे. शाळेतल्या मुलांनी मात्र शब्दकोशाचा हा प्रयोग जरूर करावा, कारण गुप्तता कुठे गळते हे स्वतः आकडे मोजल्याशिवाय नीट कळत नाही.

प्रश्न : शब्दकोशातला एखादा अवघड शब्द पासवर्ड म्हणून चालेल का?
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : एक शब्द चालणार नाही, कारण संगणक सबंध कोश क्षणात चाचपून पाहतो. सहा शब्द घ्यावेत, पण ते स्वतः न निवडता फाशांनी निवडावेत. ७,७७६ शब्दांची यादी असली, की पाच फासे एकदा टाकल्यावर नेमका एक शब्द मिळतो, कारण पाच फाशांचे आकडे क्रमाने वाचले तर तेवढेच वेगवेगळे निकाल येतात. आलेला शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा फासे टाकू नयेत.