ट्रेलरवर नेता येणारी शिडाची बोट घेताना
केबिनमधल्या गाद्या नंतर बघा, आधी कील, म्हणजे बोटीच्या तळाखाली पाण्यात उतरणारी, तोल सांभाळणारी पाती बघा. वर उचलता येणारी कील असली की बोट बऱ्याचदा अर्ध्या मीटरहून कमी पाण्यातही शिरते, पण वर घेतलेली कील जिच्यात बसते ती पेटी केबिनची ऐन मधली जागा खाते. कील उचलणारी तार आणि कील ज्या पिनेवर फिरते ती पिन गंजलेली नाही ना, हे वाकून स्वतः तपासा. पाण्याचं बॅलास्ट, म्हणजे तोल राखायला टाकीत भरलेलं पाणी असलेली बोट टाकी रिकामी करून ओढायला हलकी. टाकी रिकामी असताना मात्र शीड चढवू नका. ओढायच्या वजनात ट्रेलर, इंजिन, इंधन, नांगर सगळं धरा. डोलकाठी एकट्याने उभी करून दाखवायला विकणाऱ्याला सांगा. यातच तासभर गेला, तर बोट फारशी बाहेर निघणार नाही. आणि काठी उभारण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, ते बघाच.