कापडी नॅपी वापरूनही बाळाचा रॅश तीन आठवडे जात नाही. नक्की काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बाळ आठ महिन्यांचं आहे, पहिल्यापासून कापडीच नॅपी, झिंकचं क्रीम नेमाने चालू आहे, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा लाल. आणि शेवटी विचारलंय, 'कापडी असूनही असं कसं?'

मी डॉक्टर नाही. पण आमच्या मुलीच्या वेळी नॅपी धुण्याचं खातं माझ्याकडे होतं आणि महिनाभर मी हाच प्रश्न घोकत बसलो होतो. त्या रॅशला खतपाणी मीच घालत होतो, हे फार उशिरा कळलं.

आधी ते 'कापडी असूनही' डोक्यातून काढून टाका. कापड मऊ असतं हे खरं, पण ओलं कापड ते ओलंच. विकतच्या डायपरमध्ये शू धरून ठेवणारे जेलचे दाणे असतात, त्यामुळे अंगाला लागणारा थर त्यातल्या त्यात कोरडा राहतो. सुती कापडाला ते जमत नाही. त्यावर वॉटरप्रूफ कव्हर चढवलं की आत वाफारा धरतो. कापडी नॅपी चांगली असते, पण ती लगेच बदलली तर. दिवसा दोन तासांच्या वर एकच नॅपी नको, आणि शी झाली असेल तर घड्याळ बघायचंच नाही. शू आणि शी एकत्र आली की खरा घोटाळा होतो. शीमधले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, कातडीवरची नैसर्गिक आम्लता कमी होते, आणि मग शीमधले पाचक रस बाळाच्या कातडीवरच कामाला लागतात. बाळ वरचं खायला लागलं की शीचा पोत बदलतो, म्हणून साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास हा त्रास सर्वांत जास्त दिसतो. तुमचं बाळ त्याच उंबरठ्यावर आहे.

आता एक काम करा. पुढच्या वेळी नॅपी बदलताना चांगल्या उजेडात बाळाचा पाय हळूच बाजूला घेऊन जांघेची घडी उघडून बघा. नुसत्या ओलेपणाने आणि घासण्याने झालेला रॅश जिथे कापड टेकतं तिथे असतो, म्हणजे ढुंगणाचा फुगीर भाग, ओटीपोट, मांडीची आतली बाजू. घडीच्या आत कापड पोचत नाही, त्यामुळे तिथली कातडी बहुतेक वेळा शाबूत असते. घडीतही लालभडक असेल, कडा ठळक असेल आणि त्या मोठ्या चट्ट्यापासून जरा लांब, मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या सुट्ट्या सुट्ट्या विखुरलेल्या असतील, तर बुरशीची शंका घ्यायची. कँडिडा म्हणतात ती. ओल्या, दुखावलेल्या कातडीवर ती सहज बस्तान बसवते. तीन दिवस नीट काळजी घेऊनही रॅश हलत नसेल तर तिचा संशय आधी घ्यावा. बाळाला नुकतंच अँटिबायोटिक दिलं असेल तर जास्तच. तोंडातही बघा: जिभेवर किंवा गालाच्या आत दह्यासारखे पांढरे डाग असतील आणि ते पुसून निघत नसतील, तर तीच पाहुणी तिथेही आहे.

आमच्याकडे मी महिनाभर रोज पाच-सहा वेळा नॅपी बदलत होतो, पण घडी एकदाही उघडून बघितली नव्हती. डॉक्टरांनी दोन बोटांनी कातडी ताणली, तीन सेकंद बघितलं आणि म्हणाले, 'झिंकने हे कसं जाणार?' झिंक ऑक्साइड हा कातडीवरचा छत्रीसारखा आडोसा आहे, बुरशी मारायचं औषध नव्हे. त्यासाठी क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा निस्टाटिन यांपैकी काहीतरी लागतं, आणि तीन आठवडे झालेत म्हटल्यावर ते डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. लावायची पद्धत मात्र इथे सांगून ठेवतो, कारण चिठ्ठीवर ती लिहिलेली नसते. कातडी पूर्ण कोरडी करायची, औषधाचा पातळ हात द्यायचा, ते जिरू द्यायचं आणि वरून झिंकचा जाड थर. उलट केलं तर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. आणि लाली गेली म्हणून त्याच दिवशी ट्यूब बंद करू नका. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलेत तितके पूर्ण करा, नाहीतर आठवड्याभरात परत पहिल्यापासून सुरू.

एक गोष्ट जरा दरडावूनच सांगतो. घरात कुणाच्या खाजेसाठी आणलेली, बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब पडलेली असते. ती बाळाला लावू नका. क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही नावं दिसली की बाजूला ठेवा. नॅपीखाली झाकलेल्या जागी स्टेरॉइड जास्त शोषलं जातं आणि बाळाची कातडी पातळ होते. वाईट म्हणजे पहिले दोन दिवस झकास फरक दिसतो, आणि तिथेच माणूस फसतो. बोरिक ॲसिड असलेली पावडरही नको. साधी टाल्कम पावडरसुद्धा नको, ती श्वासातून आत जाते.

आता माझ्या खात्याकडे येतो.

रॅश वाढला तसा मी साबण वाढवला. मला वाटायचं, नॅपी नीट स्वच्छ होत नाहीत म्हणून हे होतंय. एका चमच्याचे दोन झाले, दोनाचे तीन झाले, वर कपडे मऊ राहावेत म्हणून फॅब्रिक सॉफ्टनर. वासाला नॅपी अशा सुरेख की आलेले लोक कौतुक करायचे. शेवटी बायकोने एक धुतलेली, वाळलेली, घडी घातलेली नॅपी उचलली आणि साध्या पाण्याच्या टबात बुडवून हाताने खळबळली. फेस आला. चांगला बोटभर. म्हणजे ही स्वच्छ नॅपी बाळाने ओली केली की तो साबण दर वेळी सोलवटलेल्या कातडीवर विरघळत होता.

हा प्रयोग तुम्ही आजच करा, पाच मिनिटांचं काम आहे. फेस आला तर बिनसाबणाच्या गरम पाण्यात नॅपी पुन्हा पुन्हा खळबळा, फेस यायचा थांबेपर्यंत. आम्हाला चार खेपा लागल्या. दुसरा प्रयोग, कोरड्या नॅपीवर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच जिरले तर ठीक. मोत्यासारखे वर बसून राहिले तर कापडावर सॉफ्टनरचा किंवा क्रीम-तेलाचा तवंग चढलाय. असं कापड शू शोषत नाही, बाळाच्या अंगालाच ठेवतं. सॉफ्टनर नॅपीला कधीच वापरू नका. तवंग काढायला गरम पाणी आणि साधा, बिनवासाचा डिटर्जंट पुरतो.

पण माझ्यासारखं दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. फेसाचं बघितल्यावर मी साबण जवळजवळ बंदच केला, आणि दहा दिवसांत सकाळची नॅपी उघडली की डोळ्यांत पाणी यायला लागलं. अमोनिया. साबण कमी पडला की शूचे अंश धाग्यात साठत जातात आणि ओलं होताच भपकारा मारतात. रात्रभराच्या नॅपीला थोडा वास येणारच, पण आत्ताच केलेल्या शूला तसा झोंबणारा वास असेल तर धुणं कमी पडतंय. पाणी जड असेल तर क्षारही धाग्यात बसतात आणि साबणाचं काम निम्मं होतं. आमचा बसलेला क्रम असा: शी आधी झटकून टाकायची, गार पाण्यात एकदा बिनसाबणाचं खळबळणं, मग गरम पाण्यात नॅपीच्या ढिगाच्या मानाने पाकिटावर सांगितलाय तितकाच साबण, मग भरपूर पाण्यात दोनदा खळबळणं. मशीन गच्च भरायची नाही, कपडे एकमेकांवर घासले गेले पाहिजेत.

बुरशी निघाली असेल तर कापडाचाही विचार करायला हवा, कारण कोमट पाण्याच्या धुण्यातून ती तगू शकते. एकीकडे औषध लावायचं आणि दुसरीकडे तीच बुरशी असलेली नॅपी बांधायची, असं आमचं चाललं होतं. उपचार चालू असेपर्यंत नॅपी 60 अंशांवर धुवा. निव्वळ सुती लंगोट आणि आतल्या घड्या उकळल्या तरी चालतात. वॉटरप्रूफ कव्हर आणि इलॅस्टिकवाल्या नॅपी मात्र उकळू नका, त्यांचा थर सुटतो. त्यांच्यावर काय सूचना आहेत ते बघा. ब्लीच वापरायचं ठरवलंत तर आधी शू पूर्ण धुऊन काढा, कारण अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो. व्हिनेगर आणि ब्लीचही एकत्र कधीच नाही. आणि काहीही केलं तरी नॅपी खडखडीत वाळवा, घडीच्या आतपर्यंत. दमट नॅपी कपाटात गेली की सगळी मेहनत वाया.

तुम्हाला पटणार नाही असा एक सल्ला: रॅश जाईपर्यंत निदान रात्री तरी विकतचा डायपर वापरा. आमच्या घरी यावर बरीच चर्चा झाली, जणू आम्ही शरणागती पत्करतोय. पण रात्री सलग सात-आठ तास ओलं कापड अंगाला असण्यापेक्षा ते परवडलं. शिवाय जाड क्रीम कापडाला लागून तवंग चढतो, तेही टळतं. दिवसा कापडी ठेवायची असेल तर क्रीम आणि नॅपीच्या मध्ये पातळ लायनर टाका. मायक्रोफायबरचा पॅड थेट कातडीला लागू देऊ नका, तो कातडीचा ओलावाही ओढून घेतो आणि घासतो.

पुसण्याचंही तेच. झिंकचा थर दर वेळी खरवडून काढायचा नसतो. वरची घाण कोमट पाण्याच्या कापसाने टिपायची, खालचा पांढरा थर राहू द्यायचा, त्यावरच नवा चढवायचा. वासाचे वाइप्स सध्या बंद. दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं बाळाला उघडं सोडा, खाली जुनी चादर टाकून. चादर भिजेल, भिजू दे. आमची मुलगी त्या वीस मिनिटांतच पालथी पडून रांगायला शिकली, नॅपीच्या गाठोड्याशिवाय तिला हलकं वाटत असावं.

बुरशी नसेल आणि नॅपीही ठीक असतील, तरी रॅश आहेच, तर डॉक्टरांना बाकीच्या खुणा सांगा. फक्त गुदद्वाराभोवती गोल, लालचुटुक कडं आणि शी करताना बाळ किंचाळतंय, असं असेल तर तो स्ट्रेप्टोकोकस जंतू असू शकतो, त्याला पोटातून अँटिबायोटिक लागतं. ढुंगणासोबत तोंडाभोवती आणि हातापायांवरही चट्टे, जोडीला जुलाब आणि केस विरळ होत असतील तर शरीरात झिंक कमी असण्याची शक्यता डॉक्टर तपासतात, आणि ते वरून क्रीम लावून भरून निघत नाही. ताप, पाण्याचे फोड, पू, रक्त, किंवा रॅश नॅपीच्या बाहेर पसरणं, यांतलं काही असेल तर हे उत्तर पूर्ण वाचत बसू नका, आजच दाखवा.

आणि जाताना फोनमध्ये रोजचा एक फोटो घेऊन जा, शक्यतो त्याच जागी, त्याच उजेडात. आम्ही गेलो त्या दिवशी नेमका रॅश जरा बरा दिसत होता.